कठड्यावरचा भार

आतून, लाकडी हातोडीने तपासनीस होडीची बरगडी न् बरगडी ठोकत चालला होता. भरीव आवाज आला की पुढे जायचं, पोकळ आला की थांबायचं. कुठेच पोकळ येत नव्हता.

“शर्यतीत पळते, शिवाय संसार मावतो,” दलाल वरून ओरडला.

असल्या दोन तोंडांच्या मालाची तपासनिसाला चीड होती. या होड्या किनाऱ्याजवळ झोकात मिरवतात आणि खोल समुद्रात पहिल्याच दणक्याला कण्हायला लागतात. माणसं मरतात, दलालाची दलाली पचते. आणि आज गिऱ्हाईक कोण, तर त्याचीच लेक. ती आणि तिचा नवरा हिच्यातून महासागर ओलांडायला निघाले होते. “बाबा, तुम्ही हो म्हणालात तरच घेऊ,” असं म्हणून तिने सगळं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवलं होतं.

एकच गोष्ट खटकत होती. होडी खोल बसली होती. पाण्याच्या वर दिसायला हवा तो निळा पट्टा पाण्याखाली गेला होता. त्याने तळाच्या फळ्या उचलून पाहिल्या. कोरडं ठणठणीत. टाक्याही रिकाम्या.

“काय भरून ठेवलंय हिच्यात?”

“हवा. तिचे पैसे लावत नाही मी,” दलाल हसला.

लेक आणि जावई आल्यावर ते चौघं बंदराबाहेर पडले. सुकाणू त्याने स्वतः धरलं. डावीकडून चांगला कडक वारा आला, शीड फुगलं. आता होडीने उजव्या अंगावर लवंडायला हवं होतं. ती जराशी कलली आणि थांबली.

“किती शांत चालते!” लेक खूश झाली.

तपासनिसाने मात्र कठड्याकडे वळून पाहिलं. अशी सरळ चाल त्याने फक्त शर्यतीत पाहिली होती. तिथे खलाशी वाऱ्याकडच्या कठड्यावर पाय बाहेर सोडून ओळीने बसतात, त्यांच्या भाराने होडी ताठ राहते. इथला कठडा रिकामा होता. पण कठड्याची तार जागोजागी दबली होती, कोणी तिच्यावर छाती रेलून बसावं तशी.

“वळतोय!” त्याने सवयीने हाक दिली आणि सुकाणू फिरवलं. शीड पलीकडे गेलं. होडी झुकली. मग डेक करकरला, डावीकडून उजवीकडे, एकामागून एक. होडी सरळ झाली.

“लाट असेल,” जावई म्हणाला.

वारा किनाऱ्याकडून होता; पाणी परातीत ओतल्यासारखं सपाट होतं.

पुढच्या वेळी त्याने मुद्दाम हाक दिली नाही. गुपचूप वळवली. होडी धाडकन आडवी झाली, खाली भांडी फुटली, लेक घसरत जाऊन तारेला लटकली.

“बाबा! सांगायचं तरी!”

होडी उठेना.

त्याने वर उचललेल्या कठड्यावर थाप मारली. “इकडे या,” तो कुजबुजला. लेकीकडे त्याने पाहिलंही नाही.

डेक करकरला. होडी उठली.

परतताना त्याने दलालाला गाठलं. “शर्यतीत कोण असायचं हिच्यावर?”

दलालाला या वेळी विनोद सुचला नाही. “चांगला ताफा होता. कप्तानाचा शब्द खाली पडू द्यायचे नाहीत.”

“कुठे आहेत ते?”

“कप्तान तेवढा परत आला.”

धक्क्याला लागताच तपासनीस म्हणाला, “ही होडी घ्यायची नाही.”

“का? डोलकाठी वाकडी आहे? तळ सडलाय?”

“सगळं ठणठणीत आहे.”

“मग?” लेकीचे डोळे भरले. “पोहायला नाही म्हणालात, नोकरीला नाही म्हणालात, लग्नाला तर दोनदा! एकदा तरी कारण सांगा ना!”

तपासनिसाकडे कारण होतं, पण बोलणार कसं? भीतीचा राग झाला आणि तो खेकसला, “पुरे! सगळे उतरा, आणि चला घरी!”

तिघं तरंगत्या धक्क्यावर उतरले. दलाल शीड गुंडाळायला वरच थांबला होता.

मागे पाणी खळाळलं. होडी सावकाश वर आली. निळा पट्टा शेवाळासकट बाहेर निथळू लागला. दलालाने डोलकाठी गच्च धरली.

आणि धक्का खाली जाऊ लागला. पाणी त्यांच्या बुटांत शिरलं.

“पळा” हा शब्द त्याच्या ओठांवर आला. त्याने तो गिळला.

तिघं चालत गाडीजवळ पोचले. लेक फुरंगटून पुढे बसली, जावई मागे. दारं लागली.

तपासनीस किल्ली हातात घेऊन बाहेरच उभा राहिला. गाडीची मागची बाजू कुरकुरली. जरा दबली. पुन्हा कुरकुरली.

“बाबा, चला ना. कशाची वाट बघताय?”

त्याने मागच्या काचेतून आत पाहिलं. जावई एकटाच होता. दाराला चिकटून, कोपर पोटाशी घेऊन, अंग चोरून बसला होता.