राजपुऱ्यातून ळ बेपत्ता

शारदाबाईंची निवड झाली. भोपाळच्या लोकगीत महोत्सवात बुऱ्हाणपूरकडून जात्यावरच्या ओव्या त्याच म्हणणार. हार घातले, फोटो काढले, पेढे वाटले.

यातलं काहीही घडलेलं नाही, असं आता धरायचं. पेढे खाल्लेल्यांनीही तसंच समजावं.

घडलं ते एवढंच, की दुसऱ्या दिवशी सकाळी बुऱ्हाणपुरात, राजपुरा मोहल्ल्यातल्या मराठी मंडळात भूमिकाचा फोन वाजला.

"पोरी, माह्या गळ्यात कोन शिरलं व?"

मालूबाईंचा आवाज.

"काय झालं मावशी?"

"काल शारदेची म्हनून जी ओवी वाजवली ना, ती मी म्हनलेली हाये. मधात मी खोकलते. तो खोकला बी माहाच हाये."

भूमिका मंडळाच्या ओव्यांचा संग्रह सांभाळायची. बायकांचे आवाज रेकॉर्ड करायचे, फाईल सर्व्हरवर चढवायची, प्रत्येकीच्या नावापुढे तिच्या फाईलची लिंक द्यायची. नुकताच सगळा संग्रह जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवला होता. भोपाळच्या समितीने नावांवर क्लिक करत, बसल्या जागी ओव्या ऐकल्या होत्या. अंतिम यादी आज संध्याकाळी निघणार होती. त्यानंतर ओवी मालूबाईंची आणि नाव शारदाबाईंचं, असं कायमचं छापलं जाणार होतं.

भूमिकाने क्लिक केलं. शारदाबाईंच्या नावावर मालूबाई. मधात खोकला. मालूबाईंच्या नावावर शारदाबाई. सूर नव्हताच, पण मनापासून नव्हता.

मग तिने बाकीची नावं तपासली. काळेबाईंच्या नावावर केळीच्या लिलावाची बोली. गवळीकाकूंच्या नावावर तीच बोली. कमळाबाईंच्याही. समितीने कमळाबाईंना शेरा दिला होता, 'आवाज भारदस्त, विषय मात्र व्यापारी.'

सर्व्हर हलवणारा निरंजन पलीकडच्याच गल्लीत बसायचा.

"नावं तू टाईप केलीस?"

"हो मॅडम. पूरी लिस्ट नव्याने मारली."

"तुझ्या कीबोर्डवर ळ कुठे आहे?"

निरंजन वाकून बघत राहिला. "हिंदी कीबोर्ड आहे ना. कभी जरूरत नाही पडली. मी सगळीकडे ल मारला."

"म्हणजे यादीत काले, फाईल मात्र काळे."

"फाईल नाही मिळाली तर सिस्टिम पहिली फाईल वाजवते. पहिली फाईल माइक टेस्टची. केळीच्या मंडीत घेतली होती."

"आणि मालूबाई?"

"वो भी वही लफडा असेल."

शारदाबाई घरी हार फ्रिजमध्ये ठेवत होत्या.

"काकू, काल आवाज वेगळा नाही वाटला?"

"वाटला की! म्हटलं, मशिनीत गोड होत असंल."

"आणि खोकला?"

"ते मले वाटलं, मशीन खोकलं."

उरला भूपेंद्र. मंडळाचा सचिव, मालूबाईंचा मुलगा, शारदाबाईंचा जावई, म्हणजे त्यांच्या ज्योत्स्नाचा नवरा. संग्रहाचा पासवर्ड तिघांकडेच होता: निरंजन, भूमिका आणि तो.

"ताई, सोपं आहे," भूपेंद्र म्हणाला. "ळ गेला. काळेबाई गेल्या, गवळीकाकू गेल्या, कमळाबाई गेल्या, त्यातच आमची आई. सर्व्हर बदलला की होतंच असं. माणसाचा दोष नाही."

"समितीला कळवायचं का?"

"कशाला उगीच? दोघीही माझ्या आयाच. कुणीही गेली तरी घरातलीच."

भूमिकाने सगळ्यांना मंडळात बोलावलं. दुपारची वेळ. पंखा बंद होता, कारण त्याच्या आवाजात ओवी ऐकू येत नसे.

"निरंजनने ळ घालवला, हे खरं," ती म्हणाली. "पण ळ हरवलेल्या सगळ्या बायका एकाच ठिकाणी सापडल्या. लिलावात. मालूबाई लिलावात नाही गेल्या. त्या थेट शारदाबाईंकडे गेल्या, आणि शारदाबाई त्यांच्याकडे. बिघाडाला विहीण ओळखता येत नाही."

निरंजनने श्वास सोडला.

"शारदा या नावात ळ दाखवा मला," भूमिका पुढे म्हणाली. "मालूबाईत तरी कुठे आहे?"

"आहे ना," भूपेंद्र पटकन बोलला. "माळूबाई."



"मी जन्माची ल हाये रे," मालूबाई म्हणाल्या.

"पण कागदांवर..."

"कागदावर बी लच हाये."

"ते हिंदीवाल्यांचं असतं, असं मला वाटायचं." भूपेंद्रचा आवाज खाली गेला. "आपण काळेचं काले करतो ना तिथं, तसं."

"गर्दीत खिसा कापावा तसं केलंत तुम्ही, भूपेंद्रभाऊ," भूमिका म्हणाली. "एवढ्या लिंका आपोआप तुटल्याच होत्या. त्यात दोन हाताने बदलल्या तर कोण बघतंय? पण लपायला निवडलेलं अक्षर आईच्या नावात नव्हतंच. आणि ते तुम्हाला माहीत नव्हतं."

"का रे?" मालूबाईंनी विचारलं.

"घरी रोज तेच चाललंय. ज्योत्स्ना म्हणते, माझ्या आईला कधी कुणी पुढे केलं नाही. रडते. मला वाटलं, तू समजून घेशील. तू घेतेसच ना, आई."

शारदाबाई उठल्या. "म्हंजे माहा आवाज मशिनीत गोड नाही झाला?"

त्या जावयाकडे न बघता बाहेर पडल्या.

भूमिकाने लिंका जुळवल्या, समितीला फोन केला. संध्याकाळी भोपाळहून निरोप आला: मालूबाईंना पाठवा. या वेळी पेढे कुणी आणले नाहीत. भूपेंद्र दारात उभा होता. मालूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, जसं परक्या पाहुण्याकडे पाहतात, बसा म्हणावं की नको अशा नजरेने.

"पोरी, समदं पहिल्यासारखं करता येतं का व?"

"येतं की. सर्व्हरची जुनी प्रत असते. हव्या त्या दिवसावर परत नेता येतं."

"मंग अर्ज लिही. सायबाच्या भाषेत लिही."

भूमिकाने लिहिला. मालूबाईंनी खाली सही केली, ल जरा मोठा काढून.

प्रति, मा. अध्यक्ष, मराठी मंडळ, बुऱ्हाणपूर.
विषय: संग्रह पूर्वस्थितीत आणणेबाबत.
महोदय, सचिवांनी लिंक बदलल्याच्या आदल्या दिवशीच्या प्रतीवर संपूर्ण संग्रह परत नेण्यात यावा. सदर प्रतीत अर्जदारासही समाविष्ट करून घेण्यात यावे, कारण त्या दिवशी अर्जदारास मुलगा होता. तरी योग्य ती कार्यवाही त्वरित व्हावी, ही नम्र विनंती.