जिन्याखालचा राउटर

हसा, खुशाल हसा पोरांनो. पण माझा आतेभाऊ काही गोष्टी रचणारा माणूस नव्हे. लोकांचं नेट दुरुस्त करतो तो. त्याला खोटं बोलायलाही फुरसत नसते.

मार्चमधला बुधवार, रात्रीचे पावणेअकरा. दोन मजल्यांचं घर, जिन्याखाली एकच राउटर, वरच्या-खालच्या सगळ्यांचं नेट त्याच्यावरच. वर एक नर्स भाड्याने राहायची. तिची मुलगी आजीकडे होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोरीचं ऑपरेशन होतं. आईला रजाच मिळाली नव्हती. ती फोनवर रडकुंडीला येऊन म्हणाली, "दादा, पाच मिनिटं तिचं तोंड तरी दिसू दे हो. रोज रात्री कॉल लावला की नुसतं गोल गोल फिरत बसतं." म्हणून हा एवढ्या रात्री गेला.

वरची वायर बदलली. राउटर बंद करून पुन्हा चालू केला. दोन मिनिटं चालायचं की परत ठप्प! रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय. शेवटी त्याने लॅपटॉप लावून राउटरच्या आत डोकावलं. एकच फोन सारखा कॉल लावत होता. समोरचा उचलत नव्हता, म्हणून ती जोडणी तशीच लटकायची आणि लगेच पुढची सुरू. अशा हजारो लटकलेल्या. बिचारा राउटर तरी किती सांभाळणार? बाकीच्यांना जागाच उरत नव्हती.

लावणारा फोन खालच्या मजल्यावरचा. आणि ज्याला लावत होता तो टॅबही... खालच्याच मजल्यावरचा.

खाली घरमालक एकटेच राहायचे. टेबलावर टॅब पालथा ठेवलेला, आवाज बंद. भावाने तो उलटा केला. स्क्रीनवर नाव होतं, 'चिरंजीव'.

"काका, उचला की. मुलगाच आहे तुमचा."

"नाही उचलत."

"का हो?"

"त्या रात्रीही नाही उचलला. भांडण झालं होतं आमचं... गाडी ठोकल्यावर त्याने मलाच लावला होता."

भावाने स्क्रीनवरचं नाव पुन्हा वाचलं.

"मग आता... तो..."

काकांनी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं.

वरून नर्सची हाक आली, "दादा, होतंय का हो?"

टॅब थरथरत होता. थांबला. पुन्हा थरथरला.

भाऊ हळूच म्हणाला, "काका, तुम्ही उचलल्याशिवाय हे थांबायचं नाही."

काकांनी बोट पुढे केलं. मागे घेतलं. मग... उचलला.

स्क्रीन काळी. शब्द नाही. फक्त श्वास.

"बाळा..."

श्वास थांबला.

"मी चिडलेलो नाही रे. इथेच आहे... बोल तू."

पुढे काका नुसते ऐकत होते. शेजारी उभ्या असलेल्या भावाला काही म्हणजे काही ऐकू येईना. काका मान हलवत होते. रडत होते. शेवटी म्हणाले, "बरं. ठेव आता."

कॉल बंद झाला. त्याच क्षणी वरून बारीक आवाज आला, "आई, दिसलीस!"

लॅपटॉपवर लटकलेली एकही जोडणी उरली नव्हती. भावाने निघायला हवं होतं. पण राहवलं नाही त्याला.

"काका, त्याचा फोन कुठे आहे?"

काकांनी कपाटाकडे बोट दाखवलं. आत हॉस्पिटलने दिलेली प्लास्टिकची पिशवी. वरची चिकटपट्टी अजून तशीच. आत चुराडा झालेला फोन, बॅटरी वेगळी पडलेली.

भावाने पिशवी हातात घेतली.

फोन गरम होता.