स्तेवाचा गडगा

कोलोंबा त्या शनिवारी रोवेग्रा गावी आली ती फक्त आईला न्यायला. दुपारची बस, हातात रिकामी बॅग आणि डोक्यात एकच गोष्ट: मोठा पाऊस लागायच्या आत म्हातारीला डोंगरावरून उतरवायचं आणि जेनोव्हाला आपल्या घरी ठेवायचं. डोंगर तडकला होता. नगरपालिकेचा माणूस दोनदा सांगून गेला, की घर रिकामं करा, आता कधीही दरड येईल. आईने, पेलेग्राने, त्याचं सरकारी इटालियन आपल्याला कळतच नाही असं सोंग करून त्याला वाटेला लावलं होतं.

आमच्या लिगुरियात जमीन कसली? पुढे समुद्र, मागे कडा. मधे जी काही शेती, ती पायरी-पायरीची, आणि प्रत्येक पायरी धरून ठेवायला एक गडगा. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. कोलोंबाचा बाप स्तेवा जन्मभर गडगेच रचत आला. एक दगड बसवायचा आणि दहा शिव्या घालायच्या. देवाने आपल्याला दगड दिले आणि कुरकुर करायचा हक्क दिला, तिसरं काही दिलं नाही, असं म्हणायचा. तीन वर्षांपूर्वी खालच्या गडग्याला टेकून जरा बसला, तो उठलाच नाही.

पायऱ्या चढताना कोलोंबा थबकली. गेल्या वसंतात ढासळलेले गडगे उभे होते. ताजे, शेवाळाचा ठिपका नसलेले.

"आई, गडगे कुणी रचले गं?"

"कुणी म्हणजे? ज्याचं काम त्यानं." पेलेग्रा डाव्या हाताने ऑलिव्ह निवडत होती. उजवं मनगट गेल्या हिवाळ्यात मोडलं, तेव्हापासून तिला बादलीसुद्धा उचलवत नव्हती.

"तोमाकाकांनी?"

"तोमा! त्याला स्वतःची विजार सावरता येत नाही, तो गडगे रचणार!" म्हातारी हसली. मग सहज म्हणाली, "तुझ्या बापानं खालून सुरुवात केली. रोज सांजेला एकेक पायरी वर येतोय. आता परसात पोचलाय. अशा वेळी मी घर सोडून जाऊ? शोभतं का?"

"आई... बाबा गेले."

"मीच आंघोळ घातली त्याला शेवटची. वेड लागलेलं नाही मला."

दिवस कलला. वारा एकदम पडला आणि खाली समुद्र शाईसारखा काळा झाला. तोमाकाका, बापाचा जुना दोस्त, सामान न्यायला आपली तीनचाकी घेऊन आला होता. तो दारातच उभा राहिला, कारण तेवढ्यात परसातून आवाज आला.

टक... टक...

दगडावर हातोडी. थोडं थांबून, अंदाज घेऊन, पुन्हा टक. आणि दगडावर दगड घासला की येतो तो जळका वास. बापाच्या सदऱ्याला कायम यायचा तो.

"काका... तुम्हाला ऐकू येतंय?"

"महिनाभर ऐकतोय, पोरी," तोमाने छातीवर क्रूसाची खूण केली. "उगाच नाही तुला फोन केला. चल... लवकर चल."

कोलोंबाला रडूच कोसळलं. तिने आईचे गुडघे धरले. "बाबा गेले तेव्हा मी इथं नव्हते. तूही अशीच जाऊ नकोस गं. माझ्यासाठी चल."

म्हातारीने तिच्या केसांवरून हात फिरवला. "बरं बाई. चल. रडू नको."

अंगणापर्यंत आली आणि थांबली. "निखारे तसेच राहिले. विझवून येते. तुम्ही व्हा पुढे."

कोलोंबा पुढे गेली नाही. अंगणातच उभी राहिली, घराकडे पाठ करून, तोमाला बॅग बांधायला दोरी देत. पावसाचे टपोरे थेंब पडू लागले. मागे टक-टक चालू झालं, या वेळी न थांबता, घाईघाईने. ती वळली.

दार नव्हतं. चौकटीत उंबऱ्यापासून वरपर्यंत गडगा उभा होता.

"आई!"

"अगं, ओरडतेस काय?" आतून पेलेग्राचा आवाज आला. शांत, जरा लाजल्यासारखा. "तू नीघ. पाऊस येतोय."

आणि तिच्या आवाजामागे कुणीतरी हळू आवाजात कुरकुरत होतं. पावसाला, दगडांना, सरकारला. कोलोंबाने ती कुरकुर ओळखली. नखं तुटेपर्यंत तिने दगड ओढले, एकही हलला नाही. मग वर कुठेतरी डोंगर कण्हला आणि तोमाने तिला फरफटत खाली नेलं.

सकाळी पाऊस उघडला. घराच्या डावीकडचा डोंगर खाली गेला होता, उजवीकडचाही गेला होता. घर आणि त्याच्याखालचे गडगे तेवढे जागेवर होते. गावातल्या चौघांनी चौकटीतले दगड उतरवायला घेतले. आता ते निमूट निघत होते. घराला दुसरं दार नाही, खिडक्यांना लोखंडी गज. आत चूल विझवलेली, अंथरूण नीट घडी केलेलं. पेलेग्रा नव्हती. तळघर पाहिलं, माळा पाहिला, कुठेच नव्हती.

तोमा उरलेल्या अर्ध्या गडग्यापाशी उकिडवा बसला होता.

"कोलोंबा, गडग्याचं गुळगुळीत तोंड असतं रचणाऱ्याकडे. खडबडीत पाठी पलीकडे." त्याने बाहेरच्या बाजूवरून हात फिरवला. सगळ्या पाठी बाहेर होत्या. "रचणारा आत होता, पोरी. आत उभा राहून रचलाय हा."

कोलोंबा, शहरात पोराबाळांशी नुसतं इटालियन बोलणारी कोलोंबा, आपल्या बोलीत म्हणाली, "दगड परत लावा."

"अगं पण..."

"त्यांचं घर आहे. लावा म्हणते ना."

दुपारपर्यंत गडगा पुन्हा वर गेला. शेवटचा दगड तिने स्वतः घातला. तो डुगडुगत होता, नीट बसेना. आधाराला एखादी दगडाची चीप मिळते का, म्हणून ती खाली वाकली.

आतून आवाज आला. टक.

दगड डुगडुगायचा थांबला.