खोली चार, बटण दाबले

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या. पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि ते मेसेज मी स्वतः त्याच्या फोनवर वाचलेत.

भुतं फक्त रात्री येतात अशी ज्यांची समजूत आहे, त्यांना आधीच सांगून टाकतो. हे भर दुपारी घडलं. मंगळवार होता. बाहेर ऊन रणरणत होतं.

आणि जागा... गावाबाहेरचं एक कोल्ड स्टोरेज.

या मावसभावाला घरात सगळे 'भरधाव' म्हणतात. जेवायला बसला तरी याचा एक पाय चपलेत. मावशी म्हणायची, "हा जन्मालाही पंधरा दिवस आधी आला, तो आजपर्यंत थांबलाच नाही." धंदा त्याचा कॅमेरे, अलार्म, असल्या यंत्रांचा. हातात कला आहे, पण बूड कुठे टेकेल तर शपथ.

दीड वर्षापूर्वी त्याने त्या कोल्ड स्टोरेजमध्ये एक काम केलं होतं. चार मोठ्या खोल्या. चौथी सगळ्यात थंड, उणे वीस. प्रत्येक खोलीत दाराशेजारी, आतल्या बाजूला एक लाल बटण. कुणी आत अडकलं तर बटण दाबायचं. दाबलं की बाहेर भिंतीवरची पेटी तारेच्या इंटरनेटवरून ईमेल पाठवते, ते ईमेल मोबाइल कंपनीकडे जातं, आणि कंपनी त्याचा साधा मेसेज करून ठरलेल्या नंबरवर धाडते. त्या जाड भिंतींत मोबाइलवर इंटरनेट येत नाही, साधा मेसेज मात्र पोचतो. म्हणून ही सगळी सोय.

तर त्या मंगळवारी मॅनेजरचा फोन आला.

"तुमच्या त्या बटणाचा मेसेज येत नाही हो! उद्या तपासणी आहे. आत्ताच्या आत्ता या."

भरधाव दीडला तिथे हजर.

चार नंबरच्या खोलीबाहेर एक टेबल. टेबलावर बटणांचा जुना मोबाइल. मेसेज त्याच मोबाइलवर यायला हवे. टेबलामागे तिशी-पस्तिशीची एक बाई, अंगात जाड स्वेटर. तिला सगळे ताई म्हणत. कुठला माल आत गेला, कुठला बाहेर आला, ते लिहून ठेवायचं तिचं काम.

भरधावने लॅपटॉप पेटीच्या तारेला जोडला आणि त्या मोबाइलसाठी कंपनीने दिलेल्या पत्त्यावर एक ईमेल पाठवलं.

दोघं मोबाइलकडे बघत बसले. काहीच नाही.

"विषय कोरा ठेवला ना, म्हणून अडवलं असेल," तो म्हणाला. विषय लिहून पुन्हा पाठवलं.

काहीच नाही.

मजकूर कमी केला. मग इंग्रजीत लिहून बघितला. मग विचारलं, "ताई, मधे या नंबरची कंपनी बदललीत का? नंबर तोच राहतो, पण ईमेलचा पत्ता बदलतो."

"हो, बदलली की. गेल्या महिन्यातच."

"मग असं सांगा ना! मी आपला अर्धा तास बंद घराची कडी वाजवतोय."

ताई पहिल्यांदाच हसली. त्याने नव्या कंपनीचा पत्ता टाकला, आणि टेबलावरचा मोबाइल टुणकन वाजला. भरधावने लगेच बॅग आवरायला घेतली. त्याच्या दृष्टीने काम संपलं होतं.

"दादा, एक विचारू?" ताई हळूच म्हणाली. "कंपनी गेल्या महिन्यात बदलली. त्याच्या आधी तर मेसेज येत असणार ना? म्हणजे... सात महिन्यांपूर्वी?"

"यायलाच हवा. का?"

ताई चार नंबरच्या दाराकडे बघत राहिली.

"माझे मिस्टर आत गेले होते माल लावायला. पंख्याच्या झोताने दार आपटलं, बाहेरची कडी पडली. आतली मूठ बर्फाने धरली होती. तेव्हा या टेबलावर बसायचा तो माणूस जेवायला गेलेला, पण मोबाइल त्याच्या खिशातच होता. तो चार वाजता आला तोवर..."

तिने टेबलावरचा मोबाइल जरा दूर सारला.

"मोबाइलवर एकही मेसेज नव्हता. सगळे म्हणाले, यांनी बटण दाबलंच नाही. पिऊन झोपला असेल. आयुष्यात थेंब घेतला नाही हो माणसाने! पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? मुलगी परवा शाळेत भांडून आली. विचारते, आई, बाबांनी बटण का नाही दाबलं? आपण आठवलो नाही का त्यांना?"

भरधावला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

"मला एवढंच कळायला हवंय," ती म्हणाली. "दाबलं होतं का. तुमच्या पेटीत काही राहतं का लिहिलेलं?"

"पेटी बटणाचे फक्त शेवटचे दहा मेसेज ठेवते, ताई. सात महिने म्हणजे फार झाले. पण एकदा बटणावरून तपासूनच घेऊ. तुम्ही आत जाऊन दाबा, मी इथे बघतो."

ताई उठली. शाल गुंडाळायला लागली.

आणि पेटीचा हिरवा दिवा लुकलुकला...

"गेलं बघा ईमेल!" भरधाव म्हणाला. "मस्त चालू आहे."

"दादा... मी अजून इथेच आहे."

त्याने वळून पाहिलं. ताई त्याच्या मागे उभी होती, एक हात शालीत. चार नंबरच्या दाराला बाहेरून कडी होती.

पेटीच्या छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली होती. 'खोली चार, बटण दाबले. २.१०.'

टेबलावरचा मोबाइल मात्र गप्प होता.

कडी काढून दोघांनी दार उघडलं. धुरासारखी गार वाफ बाहेर आली. आत खोक्यांच्या रांगा. माणूस कुणी नाही. भरधावने दाराला स्टूल लावलं आणि बटणाजवळ गेला. भिंतीवर बोटभर बर्फ साचला होता. तारांवर बर्फ, खिळ्यांवर बर्फ.

बटणावर मात्र... कणभरही नव्हता.

त्याने स्पर्श केला. बटण कोमट होतं. नुकतंच कुणीतरी तळहाताने दाबून धरल्यासारखं.

तो झटकन बाहेर आला. भीती वाटली की हा माणूस आणखी घाई करतो. "शॉर्ट झालं असेल," असं पुटपुटत त्याने पेटीतले शेवटचे दहा मेसेज उघडले. दहाही खोली चारचे. रोज एक. रोज दोन वाजून दहा मिनिटांनी.

मग त्याने पाहिलं, हे मेसेज जातायत तरी कुठे. पेटीत एकच नंबर होता. तो त्याने शेवटच्या आकड्यापर्यंत वाचला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

तो नंबर त्याचा स्वतःचा होता.

आता त्याला सगळं आठवलं. दीड वर्षापूर्वी पेटी बसवली तेव्हा तपासणीसाठी त्याने आपलाच नंबर टाकला होता. मेसेज आला, मॅनेजरची सही घेतली, आणि "उद्या येऊन तुमचा नंबर टाकतो" म्हणून हा पळाला. तो उद्या कधी उजाडलाच नाही. पेटी रोज सकाळी सहाला 'पेटी चालू आहे' असा मेसेज पाठवायची. रोज झोपमोड. चौथ्या दिवशी वैतागून त्याने ते मेसेज ब्लॉक करून टाकले.

ब्लॉक केलेले मेसेज पुसले जात नाहीत. फोनच्या एका कोपऱ्यात पडून राहतात.

त्याने तो कोपरा उघडला.

'पेटी चालू आहे.' 'पेटी चालू आहे.' शेकडो. मधे मधे रोजचं ते २.१०. तो बोटाने मागे सरकवत गेला. सात महिने मागे.

'खोली चार, बटण दाबले. २.१०.'

'खोली चार, बटण दाबले. २.११.'

'खोली चार, बटण दाबले. २.११.'

त्या एका दिवसाचे सगळे मिळून त्रेचाळीस. शेवटचा तीन वाजून दोन मिनिटांचा. बावन्न मिनिटं तो माणूस बटण दाबत होता, आणि ते सगळं भरधावच्या खिशात येऊन पडत होतं.

"काय झालं, दादा?" ताईने विचारलं. "काही सापडलं?"

त्याने फोन खिशात घातला.

"नाही. नंबरच टाकायचा राहिला होता पेटीत. कोरा होता. मेसेज कुठेच गेले नसणार."

"म्हणजे दाबलं की नाही, ते कळणारच नाही?"

"नाही, ताई."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याने मनाशी म्हटलं. हे त्याने मला सांगितलं तेव्हा मान वर केली नव्हती. त्याने पेटीत टेबलावरच्या मोबाइलचा नंबर टाकला, स्वतःचा काढला. आत जाऊन बटण एकदा दाबलं. बाहेर मोबाइल वाजला.

"आला!" ताई म्हणाली.

मग पुन्हा वाजला.

मग पुन्हा...

भरधाव तोवर बाहेर आला होता. दोन्ही हात त्याने काखेत दाबून धरले होते.

घरी आल्यावर त्याने तो ब्लॉकचा कोपरा रिकामा करायला घेतला. पेटीचे सगळे मेसेज पुसले, पण ते त्रेचाळीस काही केल्या त्याच्या हातून पुसवले नाहीत. कितीदा तरी बोट तिथवर गेलं आणि परत आलं.

बुधवारी दुपारी तो जेवत होता. फोन वाजला.

'खोली चार, बटण दाबले. २.१०.'

आता पेटीत त्याचा नंबर नव्हता. आणि पेटीचे मेसेज तर अजूनही ब्लॉकच होते. आवाज यायचं कारणच नव्हतं.

गुरुवारी आला. शुक्रवारी त्याने नवं सिम घेतलं. तो नंबर बायकोलासुद्धा अजून दिला नव्हता. दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. एकदा नाही... अकरा मिनिटांत नऊ वेळा. वहिनीने पुढ्यात पाणी ठेवलं. "अहो, काय लपवताय माझ्यापासून?" तिने विचारलं, आणि भरधाव जन्मात पहिल्यांदा एका जागी बसून रडला.

शनिवारी मला घेऊन तो कोल्ड स्टोरेजवर गेला. मी सोबत होतो, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. त्याने फोन उघडून ताईसमोर टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. नंबर, ब्लॉक, खोटं, सगळं.

मला वाटलं, ही बाई आता आकांत करेल. याच्या कानाखाली वाजवेल. वाजवायलाच हवी होती.

तिने एकेका मेसेजवर बोट ठेवत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस वाचले. शाळेत पहिलीची मुलं वाचतात तसे. मग स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले.

"म्हणजे दाबलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "हा फोन संध्याकाळपर्यंत ठेवून जा. मुलीला दाखवायचाय."

"ताई, मला माफ..."

"ते नंतर."

त्या दिवसापासून भरधावच्या फोनवर एकही मेसेज आलेला नाही. पण ताईच्या टेबलावरचा मोबाइल रोज वाजतो. मॅनेजरने दोनदा पेटी बदलली. एकदा महिनाभर पेटीची तारच काढून ठेवली. तरी वाजतो. आता मॅनेजर दुपारी त्या बाजूला फिरकत नाही.

ताई रोज दोन वाजून दहा मिनिटांनी उठते. कडी काढते. दार सताड उघडून बाजूला उभी राहते. मग मोबाइल थांबतो. मी आणि भरधाव गेल्या महिन्यात गेलो होतो, तेव्हा हे आम्ही पाहिलं. दार उघडलं तशी गार हवा आमच्या दोघांच्या मधून गेली. ताई वाटेतून जरा सरकून उभी राहिली, कुणाला जागा द्यावी तशी.

"दार उघडलं की थांबतात मेसेज?" भरधावने विचारलं.

"थांबणारच. बाहेर आल्यावर कशाला दाबतील?"

दहा मिनिटं झाली. आतले पंखे धडधडायला लागले. भरधावने दोनदा घसा खाकरला. शेवटी न राहवून म्हणाला, "पण ताई... रोज बाहेर येत असतील, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा आत कसे?"

ताईने दार ओढून घेतलं. कडी लावली. कडीवर हात तसाच ठेवला.

"दार लावायलाच लागतं ना, दादा," ती म्हणाली. "आत माल असतो."