दोन बोटं खाली

त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. लाजेनं नव्हे, दमानं!

चढाच्या मधोमध सायकल कडेला टाकून मी एका दगडावर बसले होते. गटातले बाकीचे केव्हाच वळणाआड गेलेले. तेवढ्यात मागून घंटी वाजली... एकदाच. लाल जाकीट घातलेला एकजण उतरला आणि म्हणाला, "सावकाश. डोंगर कुठे पळून जात नाही."

"मी... पहिल्यांदाच... इतकी..."

"अर्धं पुरे. उरलेलं माथ्यावर ऐकतो."

त्या दिवसापासून मी 'अर्धी' झाले.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. आमच्या सायकल गटात त्याचं काम एकच, शेपूट. जो सगळ्यांत शेवटी, त्याच्याही मागे शेपूट; लाल जाकीट ही त्याची खूण. शेपटानं कुणाला ओलांडायचं नाही आणि शेवटच्याला एकटं सोडायचं नाही. शेवटची कोण? मी. आठ महिने, दर रविवारी, मीच.

"लोकांना... लिफ्टनं नेतोस... आणि मला... पायांनी?" एकदा मी चार दमांत विचारलं होतं.

"तुझी लिफ्ट बंद आहे. दुरुस्ती चालू आहे."

मी वळणाआड गेले की तो एकदा घंटी वाजवी. म्हणजे, मी आहे. मीही एकदा वाजवायचे. म्हणजे, मीही. पायडलच्या तालावर मग ओठांत काहीबाही जुळायचं...

चढ चढते मी बाई, दम पुरता पुरेना
मागं वाजते गं घंटी, वाट सरता सरेना

ती वाट सरू नये असंच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

घरी वहिनीला वास लागलाच होता. माझ्या सैल झालेल्या पँटला टीप मारताना तिनं विचारलं, "वन्सं, कंबर दोन इंच गेली. मन किती गेलं?"

"काहीतरीच तुझं!"

"बरं बरं. टीप कच्चीच मारते. लक्षण ठीक नाही तुमचं."

आणि आज. धरणापर्यंत जाऊन यायचं, एकूण सत्तर किलोमीटर. चढ सुरू झाला. मी नेहमीसारखे दात आवळले आणि मान खाली घातली. थोड्या वेळानं शेजारून आमचे कप्तान, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, म्हणाले, "अगं, आज तुझी धाप ऐकू येत नाही. कुठे ठेवलीस?"

"घरी विसरले कप्तान, आणि आता ती आणायला परत जायचं तर अख्खा चढ पुन्हा चढावा लागेल."

बोलून गेले आणि दचकले. एवढं लांब वाक्य... चढावर... एका दमात!

मांड्या पेटल्या नव्हत्या. छातीत भाता नव्हता. पाय आपले फिरत होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. पुढे फक्त चौघं. कप्तान म्हणाले, "शाब्बास पोरी!" मी हसले, मागे वळून पाहिलं, आणि हसू गालावरच वाळलं. मागे लाल जाकीट नव्हतं. ते दोन वळणं खाली होतं, महिन्यापूर्वी गटात आलेल्या बेकरीवाल्या काकांच्या पाठीशी.

मी घंटी वाजवली. एकदा. इतक्या वरून कुठली ऐकू जायला? आठ महिने ज्यासाठी रक्त आटवलं ते मिळालं होतं आणि मला ढसाढसा रडावंसं वाटत होतं. गेलेली धाप कुणी परत देतं का हो?

मग मी वेडेपणा केला. पुढच्या वळणावर उतरले आणि चेनशी खोटं खोटं खेळत बसले. एकेकजण पुढे गेला. शेवटी खालून काकांचा भाता ऐकू आला, आणि त्यामागून तो आवाज...

"सावकाश काका. डोंगर कुठे पळून जात नाही."

तेच वाक्य. अक्षर न् अक्षर तेच. काचा घासताना, झोपताना, केस विंचरताना मी जे मनात उलगडून पुन्हा घडी घालून ठेवायचे, ते वाक्य शेवटी येणाऱ्या प्रत्येकाचं होतं. माझं नव्हतंच कधी.

"काय झालं?" तो जवळ येऊन थांबला.

"चेन पडली."

"चेन जागेवर आहे, अर्धे."

"मग दमले."

"दमलेल्यांना 'दमले' एवढं नीट म्हणता येत नाही." तो हसला नाही. "जा. वर जा."

गेले. धरणाच्या कठड्याशी सायकल टेकवून पाण्याकडे पाठ करून उभी राहिले. काकांना सावलीत बसवून तो आला.

"ते डोंगराचं... सगळ्यांना म्हणतोस?"

"हो. शेपटाचं काम आहे ते."

"आणि घंटी?"

"तीही."

डोळे भरून आले. नेमकं आताच मला पूर्ण वाक्य सुचेना.

"पण हा पाना," त्यानं खिशातून काढला, "तो फक्त तुझ्यासाठी आणतो." जरा घुटमळला. "तुझी सीट दोन बोटं खाली आहे. पाय पुरता ताणला जात नाही, म्हणून जोर वाया जातो. पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. दर रविवारी ठरवायचो, आज वर करून देऊ. पण वर केली की तू... पुढे निघून जाशील."

आठ महिने मी रात्री गुडघे चोळले होते. स्वतःला ढिली म्हटलं होतं.

"म्हणजे आज मी..."

"सीट खालीच आहे अजून. आजचा चढ तू तसाच चढलीस. सगळा तुझा."

"प्रेम करत होतास, की मला मागे ठेवत होतास?" निघालं शेवटी वाक्य, पूर्ण.

तो जाकिटाची चेन खालीवर करत राहिला. मग पुटपुटला, "दोन्ही."

कितीदा हेच ऐकायचं स्वप्न पाहिलं होतं... आणि आलं ते असं, काच तडकावी तसं.

मी त्याच्या हातातून पाना घेतला. नट सैल केला, दोन बोटं मोजली, सीट वर ओढली, आवळली. त्याला हात लावू दिला नाही. पाना माझ्याच खिशात टाकला.

"तो माझा..."

"मागायला ये. पण मी पुढे असेन. हे जाकीट काढून यावं लागेल."

"आज काकांना सोडून कसा..."

"आज कोण म्हणालं?"

कप्तानांनी हाक दिली. मी टांग मारली. उंच सीटवरून रस्ता निराळाच दिसत होता आणि डोळ्यांतल्या पाण्यानं धडसा दिसतही नव्हता. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. घंटीवर अंगठा होता, पण वाजवली नाही मी.

पाय पुढे निघाले होते. कान मात्र मागेच राहिले.