डोकं माझं, मर्जी माझी

भर दुपारी तो चष्म्याच्या दुकानात शिरला आणि डोळे तपासायचे आहेत म्हणाला. दुकानात तेव्हा ती एकटीच होती. तिने त्याला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकायला सांगितला. तक्त्यावरची शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळही त्याने धडाधड वाचून दाखवली.

"तुमचे डोळे ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "जपा, कुणाची नजर लागेल."

तो हसला नाही. "परत एकदा बघता का?"

मग खाली मान घालून त्याने सांगितलं. तो बेकरीची गाडी चालवायचा. आठ महिन्यांपूर्वी एका वळणावर स्कूटरवरच्या मुलीला त्याच्या गाडीचा धक्का लागला. हेल्मेट नव्हतं, डोकं फुटलं. ती वाचली, पण तीन आठवडे दवाखान्यात होती. आपल्याला ती आधीच दिसली कशी नाही, हे कोडं काही सुटत नव्हतं. त्याने गाडी कायमची सोडली होती आणि आता भट्टीपाशी पीठ मळत होता. आज तो तिसऱ्या दुकानात डोळे तपासून घेत होता.

तिचा हात नकळत कानामागे गेला. तिथली खूण केसांखाली झाकलेली होती... ती मुलगी तीच होती. त्या दिवशी तिचा चेहरा रक्ताने माखला होता, केस कमरेपर्यंत होते; आता ते जेमतेम मानेपर्यंत आले होते. त्याने ओळखावं तरी कसं?

हेल्मेटची सक्ती झाली तेव्हा सगळ्यात मोठा आवाज तिचाच होता. "डोकं माझं, मर्जी माझी. फुटलं तर माझंच फुटेल ना?" घरोघर फिरून तिने विरोधाच्या सह्या गोळा केल्या होत्या. आणि त्या दिवशी, मागे वळूनही न बघता, तिने स्कूटर सरळ त्याच्या गाडीपुढे घातली होती. त्याने ब्रेक लावला होता. धक्का इतका हलका होता, की डोक्यावर हेल्मेट असतं तर ती कपडे झटकून उठली असती आणि वर त्यालाच चार शब्द सुनावले असते.

दवाखान्यात पोलिसांनी विचारलं तेव्हा मात्र ती म्हणाली, काही आठवत नाही. सगळ्या गल्लीत आपलं हसं होईल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. बाहेर दादा त्या ड्रायव्हरला वाट्टेल ते बोलत होता. आत ती डोळे मिटून पडून राहिली होती.

आताही तिला बोलता आलं नाही. "पुढच्या आठवड्यात या," एवढंच ती पुटपुटली.

तो आला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही आला. हळूहळू हसायला लागला. त्याच्या शर्टाच्या बाहीला पीठ लागलेलं असायचं, आणि ते झटकावंसं वाटलं की ती उगाच काचा पुसत बसायची. तो हसला की तिला आनंद व्हायचा, आणि त्या आनंदाचीच लाज वाटायची.

"एक सांगू?" एके दिवशी तो म्हणाला. "डोळे बरे आहेत, हे मला केव्हाच कळलंय. हल्ली मी त्यासाठी येत नाही..."

याच शब्दांची ती वाट बघत होती. आणि नेमके तेच तिला ऐकवेनात. तिने केस बाजूला केले.

"ती मुलगी मी आहे. चूक माझी होती. मला सगळं आठवत होतं."

बराच वेळ तो त्या खुणेकडे बघत राहिला. "आणि मी आठ महिने डोळे तपासून घेत फिरतोय," एवढंच म्हणाला आणि हळूच दार लावून निघून गेला. त्याने दार आपटलं असतं, तर तिला बरं वाटलं असतं.

त्याच संध्याकाळी तिने दादाला खरं सांगितलं. दादा पानावरून उठला. दुसऱ्या दिवशी ती पोलीस चौकीत गेली. इतक्या उशिरा का, असं हवालदाराने विचारलं.

"लाज वाटत होती."

"आणि आता?"

"आता जास्त वाटते."

मग दादाला घेऊन ती बेकरीत गेली. मालकासमोर, कामगारांसमोर तिने सगळं सांगितलं. दादाने हात जोडले. तो पीठ मळतच राहिला. मान वर केली नाही.

पंधरा दिवस गेले. एका सकाळी ती हेल्मेट घालून सिग्नलला थांबली होती, तर शेजारी बेकरीची गाडी येऊन उभी राहिली. गाडी तो चालवत होता. त्याने काच खाली केली.

"माझा राग गेलेला नाही."

"इतक्यात जाऊही नये."

"पण तो सांगायला तुझ्याशिवाय दुसरं कुणी सुचत नाही... काय करू?"

"मग रोज येऊन सांग," ती म्हणाली. "मी ऐकेन. मला तू... मला तू फार आवडतोस."

हेल्मेटच्या आत तिचे डोळे भरून आले होते. सिग्नल सुटला. मागे हॉर्न वाजू लागले.

"अशी चालवू नकोस," तो म्हणाला. "दिसणार नाही काही. गाडी आधी बाजूला घे."

तिने स्कूटर कडेला घेतली. त्यानेही गाडी मागोमाग लावली, आणि तो खाली उतरून तिच्याकडे चालत आला.