बाजूची खुर्ची

ते एक साधं पोस्टकार्ड होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, अकरा वर्षांच्या अश्वजितनं यवतमाळच्या वसतिगृहातून आर्णीला बापाला पाठवलेलं. ‘बाबा, मले इथं करमत नाही. रविवारी या. नाही जमलं तरी चालते, पण पत्र लिहा.’

उकंडाजी उत्तर लिहायला बसले होते. पहिला कागद कचेरीतल्या अर्जासारखा वाटला, म्हणून फाडला. दुसरा कुठल्याशा पुस्तकातून उचलल्यासारखा. तिसऱ्यात मन फारच उघडं पडलं होतं. ते वाचून पोरगं आणखी खचेल असं वाटलं. असे सात कागद झाले. तोवर दिवाळीची सुट्टी लागली, पोरगं घरी आलं, आणि त्यानं काही विचारलं नाही. पुढंही कधी नाही.

वाचनालयात चौतीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्यात गेली, पण चार माणसांत बोलायची वेळ आली की उकंडाजींची जीभ टाळ्याला चिकटे. घरात बापलेक दोघांचं बोलणं त्यांची बायको प्रभावतीच बोलायची. ती वारल्यावर अश्वजितचा पुण्याहून येणारा फोन ‘जेवलात का’ आणि ‘हो’ एवढ्यावर आला होता.

म्हणून अश्वजितचा मोठा निरोप आला तेव्हा त्यांना नवल वाटलं. नात पायल आठ वर्षांची. वर्षभर ती आईशी, निकिताशी, तेवढी कुजबुजायची. बाकी जगाशी अबोला. दर रविवारी अकरा वाजता समुपदेशक मॅडम व्हिडिओवर येतात, आणि आता त्यांना आजोबाही हवे आहेत.

पहिल्या रविवारी उकंडाजींनी फोन टेबलावर जाडजूड शब्दकोशाला टेकवून ठेवला. बाहेरून कापसाचे ट्रॅक्टर जात होते. पडद्याच्या एका चौकोनात वैष्णवी मॅडम, दुसऱ्यात अश्वजित, निकिता आणि खाली मान घातलेली पायल. कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा चेहरा, मागं पुस्तकांचा रॅक.

“आजोबा, तुमच्या मागे उभे आहेत त्यांना बसायला सांगा ना,” मॅडम म्हणाल्या. “अवघडल्यासारखे दिसतात.”

उकंडाजींनी वळून पाहिलं. रॅक होता. भिंत होती. खुंटीवर टॉवेल होता.

एवढ्या शिकलेल्या बाईला चारचौघांत खोटं कसं पाडायचं? “हो, हो,” ते पुटपुटले आणि कोपऱ्यातली लाल फायबरची खुर्ची ओढून त्यांनी आपल्या लाकडी खुर्चीच्या बाजूला ठेवली.

“हं. आता बरं,” मॅडम म्हणाल्या.

कोपऱ्यातल्या चौकोनात मात्र त्यांचा एकट्याचाच चेहरा होता.

पुढच्या रविवारी खुर्ची उचलून ठेवावी असं मनात आलं. पण मॅडमनी विचारलं तर काय सांगणार, म्हणून राहू दिली. त्या दिवशी पायलनं पहिल्यांदा मान वर केली. हातातलं चित्र तिनं पडद्यासमोर धरलं, पण नजर उकंडाजींकडे नव्हती. ती त्यांच्या खांद्यापलीकडं, खुर्चीच्या उंचीवर होती.

“आजोबा, अश्वजित लहानपणी कसा होता?” मॅडमनी विचारलं.

उकंडाजी शब्द जुळवू लागले. कुठून सुरुवात करावी, कळेना. तोंड उघडणार तोच पडद्यावरचे सगळे हसले. निकिता तर डोळे पुसू लागली.

“हे मले माहीतच नव्हतं बाबा!” अश्वजित म्हणाला.

मले. पुण्याला गेल्यापासून तो बापाशी ‘मला’ म्हणायचा.

दुपारी शेजारची शकुबाई भाकरी घेऊन आली. “काय काका, आज लय हसून राह्यले होते! भांडे घासताना मले आयकू येत होतं. कोण आलतं?”

“कोणी नाही. फोन होता.”

“फोनवरचं हसणं वेगळं रायते काका. पाहुण्याले चहा न पाजता लावून देलं का? मले आवाज द्याले काय झालतं?” तिनं ताट ठेवलं आणि लाल खुर्चीला वळसा घालून गेली. रिकाम्या खुर्चीला कोणी असा वळसा घालत नाही.

उकंडाजी तर त्या दिवशी हसलेच नव्हते.

तिसऱ्या रविवारी मॅडम फार मऊ आवाजात म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही थोडा वेळ बाहेर थांबता का? मला यांच्याशी बोलायचंय.”

‘यांच्याशी’ म्हणजे कोणाशी, हे विचारायचं धाडस झालं नाही. ते उठले, बाहेर ओट्यावर जाऊन बसले. दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून अश्वजितचा आवाज आला.

“मंग काहून नाही आले बाबा? आर्णीची एसटी आली का मी फाटकापर्यंत पयत जावो.”

उकंडाजी दाराकडं सरकले. खोलीतून उत्तराचा एक शब्दही आला नाही. नुसती शांतता. पण पलीकडं, पुण्यात, सगळे ती शांतता ऐकत होते. मध्येच मॅडमनी हुंकार दिला. मग अश्वजित रडला, आणि रडता रडता हसला.

मग एक बारीक आवाज आला. तो कोणाचा, हे ओळखायला त्यांना वेळ लागला.

“आबा, अजून सांगा.”

पायल बोलली होती.

आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्या आधी हेवा वाटला. सात कागद फाडून जे जमलं नाही, ते कोणी तिसराच तीन रविवारांत करून बसला होता. त्यांच्याच घरात, त्यांनीच दिलेल्या खुर्चीवर. आणि काय उत्तर दिलं त्यानं? अश्वजितला विचारणार तरी कसं? विचारलं की कबूल करावं लागणार, ते उत्तर आपलं नव्हतं.

शनिवारी दुपारी उकंडाजी लिहायला बसले. ‘अश्वजित, मी आलो नाही, कारण तुला रडताना पाहिलं असतं तर परत घेऊन आलो असतो. शाळा सुटेल याची भीती वाटली. पत्र लिहिलं नाही, कारण चांगलं लिहिता येईना. भीती माझी होती, शिक्षा तुला झाली.’ पानभर लिहून झालं. आयुष्यात पहिल्यांदा एकही खाडाखोड नव्हती. पाकीट चिकटवून, पत्ता घालून त्यांनी ते उशाशी ठेवलं.

रविवारी पावणेअकराला त्यांनी लाल खुर्ची आतल्या खोलीत नेऊन टाकली आणि बाहेरून कडी घातली. निळ्या चौकडीचा शर्ट चढवला. पाकीट हातात घेऊन घराला कुलूप लावलं. फोन आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. फोनच घरात नाही, तर आता बोल म्हणावं! या वयात असा विचार करायची त्यांना लाजही वाटली. तरी पावलं भराभर पडत होती.

पोस्ट बंद होतं. भिंतीवरची पेटी मात्र उघड्या तोंडानं वाट पाहत होती.

पत्र टाकणार तोच खिशात फोन थरथरला. अकरा वाजून वीस मिनिटं. अश्वजितचा निरोप होता.

‘बाबा, आज लय मोकळं वाटलं. पायल विचारते, आबा कधी येणार? आत्ताच्या बोलण्यातला हा फोटो तिनं काढला.’

उकंडाजींनी चष्मा सारखा केला.

त्यांचीच खोली. पुस्तकांचा रॅक, खुंटीवरचा टॉवेल. मधोमध लाल खुर्ची. तिच्यात त्यांच्याच तोंडवळ्याचा माणूस, मान ताठ, समोर पाहून मनमोकळा हसणारा. अंगात निळ्या चौकडीचा शर्ट. खिसा रिकामा.

उकंडाजींची लाकडी खुर्ची कुठंच नव्हती. कोणीतरी उचलून ठेवली होती.

खिशावरून त्यांनी हात फिरवला. किल्ली लागली.

मग पेन काढलं. पाकिटाच्या कोपऱ्यात, वळणदार अक्षरात, पाठवणारा म्हणून त्यांचं नाव होतं; ते आता खुर्चीतल्याचं झालं होतं. त्यावर त्यांनी एक सरळ रेघ मारली. अख्ख्या पत्रातली तेवढीच खाडाखोड.

आणि पत्र पेटीत टाकलं.